पाचवं चाक दारात राहिलं

मित्रांनो, चार चाकी गाडीला चाकं किती, असं कुणी विचारलं तर तुम्ही पटकन चार म्हणाल. पण नीट वाकून पाहिलंत तर पाच दिसतील. चार रस्त्यावर पळतात आणि पाचवं गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेलं असतं. एखादं पंक्चर झालं की त्याची आठवण होते, पंक्चर निघालं की पुन्हा विसर पडतो. मी तसंच एक पाचवं चाक, म्हणजे जुनी, गंजलेली स्टेपनी आहे.

पारोळा तालुक्यातल्या एका लहान गावात माझं म्हातारपण चाललं आहे. माझा स्वभाव थोडा कुरकुरा आहे, हे आधीच सांगते. जन्मभर लोंबकळत राहिल्यावर तुमचाही झाला असता. पण आज सांगते ती कुरकुर नाही. एका म्हातारीची आठवण आहे, आणि ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला पुरती ठाऊक नाही.

आम्ही पाच बहिणी एकाच कारखान्यात, एकाच दिवशी घडलो. जाड पत्रा कापला, गोल वाकवला, वेल्डिंग केलं, राखाडी रंग दिला आणि आमच्या डिस्क तयार झाल्या. मग प्रत्येकीवर नवा कोरा टायर चढला. त्या वेळी आमच्यात काडीचाही फरक नव्हता. एका कामगाराने चौघींना उचलून पिकअप गाडीला लावलं आणि उरली ती मी. त्याचा हात दुसरीकडे पडला असता तर माझी गोष्ट वेगळी झाली असती. दुर्लक्ष माझ्या पाचवीलाच पुजलेलं होतं म्हणायचं.

पहिल्या मालकाकडची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सत्त्याऐंशी साली धुळ्याला भटूने ती पिकअप त्याच्याकडून विकत घेतली आणि आम्ही या गावात आलो. भटू तेव्हा तिशीचा होता. उंच, उन्हाने रापलेला, हसला की डोळे मिटणारा. घरी बायको कमलबाई आणि आई भिकुबाई. वडील तो लहान असतानाच गेले होते. भिकुबाईने स्वतः बैलगाडी हाकून, कापूस वेचून भटूला आणि त्याच्या बहिणीला, कुंदाला, वाढवलं होतं. त्यामुळे गाडी दारात आली तेव्हा भटूने नारळ फोडला आणि पहिल्यांदा आईलाच पुढच्या सीटवर बसवलं.

"आते तू बैल हाकाना नही, माय," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "आते तू फक्त बसानं."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. भटूच्या मनात गाडी कापसासाठी होती, दुधासाठी होती, पण सगळ्यांत आधी ती त्याच्या आईने बसण्यासाठी होती. आणि भिकुबाईही हौसेने बसायची. पारोळ्याच्या बाजाराला, मुक्ताईच्या दर्शनाला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदाला माहेरी आणायला. दर आखाजीला लेकीला आणायला ती स्वतः जायची. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर घट्ट, आणि नजर समोर रस्त्यावर. गाडी जणू तीच चालवते आहे.

अडचण होती ती शेताच्या वाटेची. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडल्या की दिवाळीपर्यंत त्या वाळून दगडासारख्या होतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. बैलगाडीचं काय, ती उंच चाकांची. आमच्या पिकअपचं पोट मात्र त्या उंचवट्याला टेकायचं. एके वर्षी कापसाने भरलेली गाडी तशीच पोटावर बसली. चाकं नुसती फिरत राहिली. शेवटी निंबा नानाची बैलजोडी आणून ओढून काढावी लागली. निंबा नाना शेजारचा म्हातारा, जिभेला हाड नसलेला.

"भटू," तो हसून म्हणाला, "तुनी गाडीले बी बैलच लागतस ना शेवट!"

सगळी वाट हसली. भटूही हसला, पण त्याचे डोळे मिटले नाहीत. मी पोटाखाली वाळल्या मातीत अडकून बसले होते, मला ते दिसलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत तो आम्हाला धुळ्याला मोतीलाल मिस्त्रीकडे घेऊन गेला. आग्रा रोडवर मोतीलालचं गॅरेज होतं. मिस्त्री अबोल आणि हाताचा पक्का. त्याने गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणखी पाटे घातले आणि गाडी वीतभर उंच केली. मग भटूने लिलावातून आणलेले चार मोठे टायर त्याच्यापुढे टाकले. जाड, खोल नक्षीचे, मोठ्या गाडीचे. मोतीलालने एक टायर उभा करून आमच्यापैकी एकीशेजारी धरला आणि मान हलवली.

"भटूभाऊ, डिस्क कंपनीचीच ठेवणार ना? मग ऐका. टायर बसेल, पण डिस्क अरुंद आहे, तो पोट बाहेर काढून बसेल. पुढचं चाक पूर्ण वळवू नका. वळवलं की टायर आतल्या पाट्याला घासेल. रोज घासला तर एक दिवस कापला जाईल."

"नही वळावत," भटू म्हणाला. त्याचं सगळं लक्ष त्या नक्षीकडे होतं. "आनि स्टेपनीलेबी मोठा टायर टाकी देऊत का? आखो एक आनस."

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव किती वर आला होता म्हणून सांगू! पण मोतीलालने गाडीखाली वाकून माझ्या जागेचं माप घेतलं.

"टाकून देईन. पण ठेवणार कुठे? खालच्या जागेत मोठा टायर मावत नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या तिले तशीच."

असं माझं ठरलं. चौघी बहिणी एका दुपारीत थोराड झाल्या आणि मी होते तेवढीच राहिले. मोतीलालने मला परत साखळीला अडकवलं तेव्हा माझ्यावर दोन थापा मारल्या आणि भटूला म्हणाला, "लहान राहिली म्हणून हिला काढून टाकू नका हो. चाक गेलं तर ही लावा. गाडी वाकडी चालेल, स्टिअरिंग एका बाजूला ओढेल, पण सावकाश नेलीत तर तीस-चाळीस किलोमीटर ही तुम्हाला नक्की पोचवील." मिस्त्रीने माझ्या वतीने दिलेला तो शब्द होता. मी तो मनात धरून ठेवला.

गाडी गावात शिरली तेव्हा पोरं मागे धावली. शेताच्या वाटेवर ती हत्तीसारखी डुलत गेली, उंचवटा खालून नुसता सरकला. निंबा नानासुद्धा गप्प झाला. भटू मोठ्या डौलात दारात उतरला आणि आईला म्हणाला, "बस माय, चक्कर मारूत."

भिकुबाई पुढे आली. तिने पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. दाराची कड धरून पाहिली. दुसरा पाय उचलून पाहिला. ती अंगाने लहानखुरी, गुडघे दुखरे. पाय तिथवर पोचेचना.

"भटू, ही गाडी शे का माळा शे रे?" ती म्हणाली. "आते माले शिडी लागी."

सगळे हसले, तीही हसली. मग पदर सारखा करून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुम्ही जाऊन या. माले घरमा काम शे."

भटूचा चेहरा एकदम उतरला. ज्या आईसाठी गाडी घेतली ती आईच खाली राहत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, लाकडी पाट आणून ठेवला, तो हलला. मग त्याला मी आठवले. त्याने खालून साखळी सोडली, मला घरंगळत दारापाशी आणलं आणि आडवी टाकली. मी लहान राहिले होते ना, म्हणून उंची अगदी बेताची झाली.

भिकुबाईने वहाणा काढल्या. अनवाणी पाय माझ्यावर ठेवला, आणि वर चढण्याआधी वाकून मला हात लावला, तो हात कपाळाला लावला.

"पाय लागना वं, माय," ती मला म्हणाली.

आपल्याकडे माणसाला, पुस्तकाला, धान्याला पाय लागला की असा नमस्कार करतात, हे तुम्हाला माहीत आहे. चाकाला केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. भटूला हसू आलं.

"माय, ते चाक शे. त्याले काय समजस?"

"चाक शे म्हनीसन काय व्हयनं? तिना आधारवर मी चढस ना?"

तेव्हापासून तीच रीत पडली. भिकुबाईला कुठे जायचं असलं की साखळी सुटायची, मी दाराशी यायचे, ती वहाणा काढायची, पाय ठेवायची, हात लावायची. "पाय लागना वं, माय." मग भटू मला उचलून पुन्हा पोटाखाली अडकवायचा. जिथे जायचं तिथे उतरतानाही तसंच. तीन वर्षांत मी रस्त्यावर एकदाही पळाले नाही. पण खरं सांगते, मला आता त्या चौघींचा हेवा वाटत नव्हता. त्या कापूस वाहत होत्या. मी भिकुबाईला वर चढवत होते.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. चौघींना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढे लिंबं. मी खाली अंधारात. एका वर्षी भिकुबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसली, हात आत घालून चाचपत तिने मला कुंकू लावलं. "चार जनीसले फुलं आनि पाचवीले काहीच नही?" ती कमलबाईला म्हणत होती. "ही बी याच घरनी शे." तिचं बोट चुकून माझ्या टायरला लागलं, डिस्कला नाही. टायरवर कुंकू टिकत नाही. तरी मी ते बरेच दिवस मनात जपलं.

कमलबाई मोठी समजूतदार. मला रोज काढणं-बसवणं तिला पटत नसे; घाईत कधीतरी ते राहून जाईल, अशी तिला धास्ती. "सुतारकडथून एक घडवंची करी ल्या," ती भटूला म्हणायची. "हाई चाक कव्हय काढनं राही जाई, कव्हय बसाडनं राही जाई."

"करसू ना," भटू म्हणायचा. कधी पेरणी असायची, कधी वेचणी. शेवटचं ती बोलली तेव्हा चैत्र होता. भटू म्हणाला, "आखाजी व्हई जाऊ दे, मंग करसू." घडवंची म्हणजे काय, चार फळ्या आणि चार पाय. पण तेवढ्याचा मुहूर्त काही लागला नाही.

तो त्र्याण्णव सालचा चैत्र, संपत आलेला. आखाजी तीन दिवसांवर आली होती. दारातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता. दुसऱ्या दिवशी कुंदाला आणायला जायचं म्हणून भिकुबाईने सकाळीच लुगडं काढून ठेवलं होतं. झोका बांधल्यापासून अंगणात गाडी वळवायला जागा उरली नव्हती, म्हणून भटू पुढची चाकं पार शेवटपर्यंत वळवून गाडी काढायचा. दर वेळी आतून खर्र असा आवाज यायचा. मला तो ऐकू यायचा आणि मोतीलालचं बोलणं आठवायचं. माझ्या पुढच्या बहिणीच्या टायरला आतल्या अंगाने चीर पडली होती. ती कुणाला दिसत नव्हती.

सकाळी नऊ-साडेनऊची वेळ असेल. ऊन तेव्हाच भाजत होतं. भिकुबाई ओट्यावर शेवया पसरत होती. अचानक तिने हात छातीवर धरला आणि ती भिंतीला टेकून बसली. चेहरा घामाने डबडबला. कमलबाईने हाक मारली, भटू गोठ्यातून धावत आला, निंबा नाना शेजारून आला. भटूने गाडी दाराशी आणली, साखळी सोडली, मला आडवी टाकली. हे सगळं त्याच्या हातांनी आपोआप केलं.

"तिले उचली ठेवूत," निंबा नाना म्हणाला.

भिकुबाईने मान हलवली. "माले उचलू नका. मी काय मढं शे का?"

कमलबाईच्या खांद्यावर हात टाकून ती आली. वहाणा काढायच्या नव्हत्या, ती अनवाणीच होती. तिने माझ्यावर पाय ठेवला. मित्रांनो, तिचं वजन मला पाठ होतं. त्या दिवशी ते वेगळं लागलं. नेहमी ती झटकन चढायची, त्या दिवशी ती माझ्यावर बराच वेळ उभी राहिली. मग सवयीने वाकायला गेली. कमलबाईने तिला धरलं, "ऱ्हाऊ द्या माय, आते ऱ्हाऊ द्या."

"पाय लागना वं..." एवढंच ती म्हणाली, आणि तिला वर ओढून घेतलं.

कमलबाई तिच्याशेजारी बसली. दार लागलं. भटूने चाकं शेवटपर्यंत वळवली, खर्र आवाज झाला, झोक्याला वळसा घालून गाडी अंगणाबाहेर पडली. आणि मी तिथेच होते.

मला ओरडता आलं असतं तर मी अख्खं गाव गोळा केलं असतं. धूळ खाली बसली. एक कोंबडी येऊन माझ्या मधल्या भोकात डोकावून गेली. निंबा नाना काठी टेकत घराकडे निघाला होता. तो सहज वळला आणि त्याला मी दिसले.

"आरे, स्टेपनी आठेच ऱ्हायनी!"

नेहमी टवाळी करणारा तो म्हातारा. त्याने काठी टाकली, मला उभं केलं आणि वाटेने घरंगळत न्यायला लागला. सत्तरी उलटलेली, अंगात बळ नाही. मी त्याच्या हातून दोनदा पडले, त्याने दोनदा उचललं. गावाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. रस्त्यावर गाडी नव्हती, गाडीचा आवाजही नव्हता. तो माझ्यावरच बसला आणि छाती भरून धापा टाकत राहिला. मग त्याने मला परत आणून दारात ठेवलं. दुसरीकडे कुठे ठेवायचं ते त्याला सुचलं नसावं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. कमलबाई दहाव्या दिवशी बायकांना सांगत होती, तेव्हा ऐकलं. पारोळ्याला डॉक्टर गाडीपाशीच आले, भिकुबाईला खाली उतरवावं लागलं नाही. तिला उतरवावं लागलं असतं तर मी नाही हे तिथेच कळलं असतं. डॉक्टरांनी तपासून सुई दिली आणि सांगितलं, "धुळ्याला न्या. वाटेत थांबू नका." भटूने गाडी सोडली. मुकटी गाव मागे पडलं आणि धुळ्याजवळच्या फागण्याच्या अलीकडे पुढचा टायर आवाज करून फुटला. तीच चीर.

भटू उडी मारून खाली उतरला. जॅक काढला, गाडीखाली शिरला. साखळी मोकळी लोंबत होती.

कमलबाई सांगत होती, तो गाडीखालून बाहेर आलाच नाही काही वेळ. मग बाहेर येऊन त्याने त्या साखळीला लाथ मारली आणि मला नको नको ते बोलला. भिकुबाई सीटवर डोळे मिटून पडली होती. तिने ते ऐकलं.

"तिले नको बोलू रे," ती म्हणाली. "ती ऱ्हायनी नही, आपूनच इसरनूत तिले." आणि थोड्या वेळाने, "भटू, उन्हमा उभा नको ऱ्हाऊ. पानी पी."

ट्रक थांबायचे, पण त्यांची चाकं आमच्या गाडीला बसणारी नव्हती, आणि वर केबिनमध्ये तिला चढवायचं कसं? पाऊण तासाने एस. टी. आली. कंडक्टरने आणि दोन प्रवाशांनी तिला हातांवर उचलून आत घेतलं, सगळी सीट रिकामी करून दिली. फागणे ओलांडलं आणि तिने कमलबाईच्या मांडीवर मान टाकली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी भटूला समजावलं. लवकर आणलं असतं तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही, म्हणाले. भटूने त्यातलं फक्त 'लवकर आणलं असतं' एवढंच ऐकलं.

मित्रांनो, मी पोचवलं असतं का? मी रोज स्वतःला हे विचारते. माझा टायर लहान होता, गाडी वाकडी चालली असती, भटूचे दंड भरून आले असते. पण फागण्यापासून धुळं असं कितीसं लांब! मोतीलाल मिस्त्रीने माझ्या वतीने शब्द दिला होता, आणि तो पाळायची वेळ आली तेव्हा मी अंगणात कोंबड्यांमध्ये पडले होते.

दिवस कलायच्या आत तिला दुसऱ्या एका टेम्पोतून आणलं. माणसं जमली. भटू पुढून चालत आला आणि त्याच्या पायात मी आले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा मला लाथ मारील, आणि मारली असती तर बरं वाटलं असतं. त्याने तसं काही केलं नाही. मला दोन्ही हातांनी उचललं, गोठ्यामागे नेलं आणि काट्यांच्या ढिगावर टाकून दिलं.

तिथे मी एक वर्ष पडून होते. पावसाचं पाणी डिस्कच्या खोलगटात साचलं, डास झाले. ट्यूबमधली हवा हळूहळू गेली. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली, तेवढाच काय तो माझा उपयोग. गंज चढत गेला. भटू गोठ्यात यायचा, गुरांना पाणी दाखवायचा, पण गोठ्यामागे कधी आला नाही. त्याने पुन्हा गाडीही चालवली नाही. दुसऱ्याकडून टायर बदलून ती आणवली आणि निंबा नानाच्या खळ्यात झाकून ठेवली. दिवाळीनंतर साक्रीकडचा एक माणूस ती विकत घ्यायला आला. गाडी अंगणात आणली होती. त्याने सगळीकडून फिरून पाहिलं, खाली वाकला.

"स्टेपनी कुठे आहे हो?"

"नही शे," भटू म्हणाला.

"नव्हतीच का?"

भटूने सरळ किंमत सांगितली. गोठ्यामागून मी सगळं ऐकत होते. दहा पावलांवर होते. त्याने मला विकलं नाही, दिलं नाही आणि आहे म्हणूनही सांगितलं नाही. चौघी बहिणी निघून गेल्या. त्यांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला, मग बंद झाला. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

आणि मग पुन्हा आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसांची आठवण काढतात. पाण्याची घागर भरतात, तिच्यावर आंबा, खरबूज ठेवतात. सकाळी उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात आणि प्रत्येक बोटाला एकेका पूर्वजाचं नाव घेतात. त्या वर्षी भटूला पहिल्यांदाच आईचं बोट ओढायचं होतं.

आदल्या दिवशी दुपारी कमलबाई गोठ्यामागे आली. तिने हाताला काटे टोचून घेत मला ओढून काढलं. पाणी ओतलं, गोणपाटाने घासलं आणि घरंगळत नेऊन उंबरठ्याखाली, जिथे पायरी असते तिथे, आडवी ठेवली. भटू शेतातून आला आणि मला पाहून जागीच थांबला.

"हिले आठे कोन आनं?" त्याचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "फेकी दे तिले! माले तिनं तोंड देखानं नही."

कमलबाई घाबरली नाही. ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"मायनं शेवटलं पाऊल हिनावर पडनं," ती म्हणाली. "त्याना नंतर माय जमीनवर उभी ऱ्हायनीच नही. सगळास्नी उचलीच नेलं तिले. फेकनी व्हई तर तुम्हीच फेका. मना हात उचलावत नही."

भटू तिच्याकडे न बघता आत गेला. मी रात्रभर दारातच राहिले, आणि सकाळी काय होईल याची वाट पाहिली.

सकाळी तो आंघोळ करून आला. कमलबाईने उंबरठा धुतला होता. कुंकवाची वाटी घेऊन तो बसला. पहिलं बोट ओढलं, आजोबांचं नाव घेतलं. दुसरं आजीचं. तिसरं वडिलांचं. मग त्याने बोट कुंकवात बुडवलं आणि ते तसंच हवेत राहिलं. उंबरठ्यावर जागा होती. कुंदा मागे उभी होती, ती पदराने डोळे पुसायला लागली. निंबा नाना ओट्यावर होता, तो दुसरीकडे बघायला लागला.

भटू उंबरठ्यावरून उठला, खाली उतरला आणि माझ्यासमोर बसला. त्याचे डोळे मिटले होते, पण तो हसत नव्हता. त्याने माझ्या गंजलेल्या डिस्कवर बोट टेकवलं आणि खाली ओढलं.

"मनी माय," तो म्हणाला.

मग त्याने तोच हात कपाळाला लावला. त्याला जितकं रडायचं होतं तितकं तो वर्षभर रडला नव्हता. ते सगळं त्या दिवशी माझ्यावर रडला. मला त्याला खूप सांगायचं होतं. आपूनच इसरनूत असं ती म्हणाली होती, तिने तुला एकट्याला दोष दिला नव्हता, हे सांगायचं होतं. पण लोखंडाला बोलता येत नाही. मी नुसती त्याच्या हाताखाली राहिले.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. मी अजून त्याच जागी आहे. घरात येणारा-जाणारा माझ्यावर पाय देऊन चढतो. पोरं उड्या मारतात, मला त्याचा राग येत नाही. दर आखाजीला उंबरठ्यावर बोटं उमटतात आणि एक माझ्यावर. लोखंडावर कुंकू टायरपेक्षा जास्त टिकतं, हे मला आता कळलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं पाचवं कुणीतरी असेल. गरजेच्या वेळी खाली आडवं होणारं, आणि तुम्ही वर चढलात की नजरेआड होणारं. त्याला रोज फुलं वाहू नका, त्याला त्याची गरज नसते. फक्त निघण्याची घाई कितीही असली तरी एकदा मागे बघा. आणि घडवंची करायची असेल तर आजच करा, सणाची वाट बघू नका.

भटू आता एस. टी.ने जातो. पिशवी खांद्याला लावून तो उंबरठा ओलांडतो, माझ्यावर पाय देतो, वाकून हात लावतो. अंगण संपतं तिथे कडुनिंबाखाली तो थांबतो आणि मागे वळून दाराकडे बघतो. मी तिथे आहे ना, एवढंच पाहतो, आणि मग पुढे जातो.